एक नग

आचारसंहिता लागली की आमच्या लकडगंज ठाण्यात
माणसं आपली भीती जमा करायला येतात.
मी मालखान्याची कारकून. रजिस्टर, लाख, सुतळी,
खिडकीशी एक डुगडुगती खुर्ची,
मागे वाळ्याचा कूलर. त्यातलं पाणी दहालाच संपतं.

गोवर्धन उके आधी आला. फौजेतून सुटून कामठीत राहिलेला,
आता इतवारीत एका सराफाची रोकड पोचवतो.
त्याचं रिव्हॉल्व्हर कानपूरचं, कारखान्याचं, काळं.
तसली सकाळपासून अकरा आली.
एका पोत्यात घातली तर नंबर वाचल्याशिवाय
कुणाचं कुठलं, ते देवालाही सांगता येऊ नये.

मग देवतळ्यांचा नातू, निनाद.
जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं त्यानं पुढे सरकवलं.
"आजोबांचं. हंसापुरीच्या वजीर मिस्त्रीनं
चौदा महिने लावले होते."

चौदा महिने.
तेवढ्यात माझ्या मोठीचं लग्न जमलं, झालं,
आणि मोडता मोडता राहिलं.

रिकामं आहे ना, दोनदा बघितलं. मग बघतच बसले.
नळीच्या बुडाशी संत्र्याची डहाळी कोरलेली,
पानं सात, फळ एकही नाही.
स्क्रू सहा. सहाही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत,
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यागत.
अठ्ठावीस वर्षं मी हत्यारं मोजतेय.
स्क्रू आवळला की झालं, खाच कुठं का थांबेना,
गोळी जायची तिथंच जाते.
कुणाला दिसणार होतं हे?
बहुतेक त्यालाही ठाऊक असावं, कुणाला दिसणार नाही.

मूठ शिसमाची. लाकूड आमच्याच मागच्या गल्लीतलं,
जिथं आरागिरण्या होत्या, आता टाइल्सची दुकानं आहेत.
तिच्यावर बोटांच्या खोबणी दोनच.
"तीन हव्यात ना?" मी विचारलं.

"आजोबांची करंगळी काटोलच्या जिनात गेली होती."
त्यानं हात पुढे केला, मुठीभोवती वळवून दाखवला.
"मी धरलं की माझी लटकते. तिला जागाच नाही."

उके अजून दाराशी घुटमळत होता. म्हणाला,
"आपल्याले काय बाई, वाजलं म्हंजे झालं.
माह्याची स्प्रिंग गेली तं दुसरी आनून बसवतो.
याची गेली तं काय मिस्त्रीच्या कबरीले पुसाल?"
निनाद हसला. खरं होतं ते.
"दोनदा गेली," म्हणाला, "दुसऱ्यांदा कुणी मिळालंच नाही.
दहा वर्षं हे चालत नाही.
तरी एकानं याचे इतके देऊ केले,
की त्यात उकेंसारखी वीस आली असती."
उके गप्प झाला. मग हळूच म्हणाला,
"पाहू द्या एकदा हातात."
नियमात बसत नाही. मी दिलं.
त्यानं वजन घेतलं, डोळे मिटले, परत केलं.
काही बोलला नाही, पावती घेऊन गेला.

रजिस्टरात दोन ओळी, एकीखाली एक.
रिव्हॉल्व्हर, एक नग.
रिव्हॉल्व्हर, एक नग.
किमतीचा रकाना नाही तिथं. शेऱ्याचा आहे, अरुंद.
निनादच्या ओळीत मी लिहिलं: चार बोटांचा हात.
सही करताना साहेब थांबले. "हे काय?"
"ओळखीची खूण, सर."

संध्याकाळी फळीवर लावताना
उकेच्या रिव्हॉल्व्हरवर बल्बचा उजेड पडला.
मुठीच्या वर, अंगठा टेकतो तिथं
काळा रंग पार उडालेला, पोलाद पांढरं,
बरोबर अंगठ्याएवढं, जरासं डावीकडे कललेलं.
एवढ्या वर्षांत कुणी कोरलं नव्हतं ते.

त्याच्या ओळीत शेरा कोराच होता.
पण साहेबांची सही झाली होती,
आणि लाख वाळली होती.