कारण मागच्या बाजूस लिहावे

रविवारी रात्री दहापर्यंत ट्रक हलवायचा नाही.
म्हणून आयझेनाखच्या अलीकडच्या तळावर
चाळीस जागांत सत्तर ट्रक,
दोन ट्रेलरांमधल्या बोळात गॅसची शेगडी,
आणि जिऱ्याचा वास, जो या देशाचा नाही.

मी पिवळं जाकीट घालून दारावर टकटक करते.
कार्ड, म्हणते. मागचे छप्पन्न दिवस.
माणसं मला कार्डावरूनच कळतात आता :
कोण भित्रा, कोण घायकुतीला आलेला,
कोणाचा मालक फोनवर ओरडतो.

यंत्राला चारच गोष्टी येतात.
चाक : चालवतोय.
दोन हातोडे : माल चढवतोय, उतरवतोय.
तिरकी रेघ मारलेला चौकोन : ताटकळतोय.
आणि पलंग.
पलंग म्हणजे विश्रांती, असा यंत्राचा समज.
एकदा एकाने गिअरबॉक्सला लोहचुंबक लावलं होतं.
ट्रक ऐंशीच्या वेगाने धावत होता
आणि पट्टीवर पलंग, पलंग, पलंग.
मी दंड लिहिला.
हात थरथरला तो नंतर, आमच्या गाडीत बसल्यावर.

बापाच्या वेळी कागदी चकत्या होत्या,
बशीएवढ्या, मेणाचा थर दिलेल्या,
सुई त्यावर अख्खा दिवस कोरायची.
जुन्या झाल्या की तो घरी आणायचा,
मी मागच्या बाजूला मांजरं काढायचे.
एका चकतीवर नाव त्याचं नव्हतं.
लोथार क्निप.
अक्षर मात्र बापाचंच, ल ला तीच शेपटी.
लोथारकाकाला आम्ही मार्चमध्ये पुरून आलो होतो
आणि जूनमध्ये तो हॅम्बुर्गला पोचला होता,
मधे कुठेही फारसा न थांबता.
मी त्यावरही मांजर काढलं.

एसेनबेक. गाव नारीन, कंपनी कौनासची,
आत टोमॅटो तिसऱ्याच देशाचे.
साडेचार तास चालवायचं, पाऊण तास थांबायचं,
हे त्याला पाढ्यासारखं पाठ.
पंचेचाळीस तासांची सुट्टी केबिनमध्ये काढायची नाही,
हेही पाठ. गेल्या आठवड्याची हॉटेलची पावती दाखवतो.
पावतीला एक घडी नाही, एक डाग नाही.
मी ती उजेडात धरते, बराच वेळ,
आणि परत देते.

पण मंगळवारी अडतीस मिनिटं जास्त.
तो पट्टी पुढे करतो, उलटी करून.
कारण मागच्या बाजूस लिहावे, असा नियम आहे.
त्याने लिहिलंय, मोडक्या जर्मनमध्ये :
पहिला तळ भरला. दुसरा भरला.
तिसऱ्यात गाड्या उतारावर उभ्या, दिवे नाहीत.
मला भीती वाटली. पुढे गेलो.

दंडाच्या तक्त्यात भीती हा रकाना नाही.
कलमात ती आहे, कोट-टाय घालून :
थांबण्यास योग्य जागी पोचेपर्यंत.
मी सही करते.

सहीखाली चार शब्द आणखी, त्याच्या भाषेतले.
हे काय? खुलासा?
तो कानापर्यंत लाल होतो.
कांदे, म्हणतो. गाजरं. तांदूळ. साबण.
दुसरा कागद नव्हता.

तेवढ्यात फोन. कौनासहून कोणीतरी,
आवाज मला दारातून ऐकू येतो.
एसेनबेक घड्याळ बघत नाही, वाद घालत नाही,
यंत्राकडे बोट करतो, जणू समोरच्याला दिसतंय,
आणि म्हणतो, हा नाही म्हणतोय.
हा. थोरल्या भावाबद्दल बोलावं तसं.
लोथारकाकाला असा कोणी नव्हता. बापालाही.

दहा वाजतात.
सत्तरांतली साठेक इंजिनं एकदम खाकरतात,
बोळातल्या शेगड्या विझतात, जिरं धुरात बुडतं.
त्याचे अकरा तास अजून भरायचेत,
दोन तास सात मिनिटं बाकी.
मी आरशातून बघते :
पडद्यावर पलंग,
आणि त्या पलंगाच्या उजेडात तो उभा,
बाटलीतलं पाणी जपून ओतत
करपलेलं पातेलं घासतोय.