शिसं

खेतवाडीतला छापखाना बंद झाला तेव्हा
खिळे किलोवर गेले.
मी तिथं चौदा वर्षं मुद्रितं तपासली.
थकलेल्या पगाराचं काय, विचारलं तर
गोठोसकर म्हणाले, एक केस घेऊन जा.

मी कोपऱ्यातली उचलली. न लागणाऱ्या अक्षरांची.
ङ, ञ, ॠ,
आणि तो ऌ, ज्याला फक्त अंकलिपीच्या वेळी
हाक मारायचे.
एकाचीही धार झिजली नव्हती.
तळाशी, गव्हातल्या सोंड्यांसारखे,
शुद्धलेखनाचे नियम बदलले तेव्हा
कामावरून कमी केलेले अनुस्वार.

आता मालाडच्या गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून,
जुन्या पळीत ते वितळवते.
साच्यात आधी गळ ठेवायचा,
कान वर, टोक मोकळं,
मग एका दमात ओतायचं.
हात थबकला की थर पडतो.
चार ॠ म्हणजे दहा ग्रॅम.

बाकीचं एरंगळच्या आग्नेलनं शिकवलं.
पानी बघ, मंग वजन, म्हणायचा.
भांगाला दहा पुरे. उधाणाला तीससुद्धा कमी.
हलकं लावशील तर वाहून जाईल,
जड लावशील तर चिखलात बसंल.
तळाला टेकलं पाहिजे,
पण र्‍हायला नको तिथं.

गढूळ असेल तर पिवळी शेपटी.
नितळ असेल तर पांढरी
(मार्व्याचं पाणी नितळ मी दोनदाच पाहिलं).
रात्री काळी.
काळी? मी हसले होते.
मासा खालून बघतो गं, तो म्हणाला,
त्याला आभाळ उजेडाचंच दिसतं.

रबराची शेपटी गळाशेजारी धरून
टोक कुठून बाहेर येणार, तिथं नखानं खूण करायची.
मगच ओवायची.
वाकडी गेली तर पाण्यात गिरक्या घेते,
तंगुसाला पीळ पडतो,
आणि जिताडा असल्या नाचऱ्या कोळंबीकडे
ढुंकून बघत नाही.
वाकडं मला लगेच दिसतं.
त्याचेच पैसे मिळायचे, मिळायचे तेव्हा.

संध्याकाळी ओहोट संपता संपता
मनोरीची फेरीबोट जाऊ द्यायची,
तिची लाट धक्क्याला आपटून शांत होऊ द्यायची.
टाकायचं. मोजायचं. तळ.
हातभर उचलायचं, परत पडू द्यायचं,
पण दोरी ढिली सोडायची नाही,
कारण तो पडतानाच धरतो.
हे पटायला मला दोन वर्षं लागली.
तोवर नुसती ओढत होते.

गेल्या शुक्रवारी तीन ङ तिवरांच्या मुळांत गेले,
एक ञ कुणाच्या तरी फाटक्या जाळ्यात.
शेवटी, बॅग आवरायच्या बेतात, टक्.
शाईच्या बाटलीला नख लागावं एवढंच.
टॉर्चच्या झोतात त्याचा डोळा लाल पेटला,
दोन हातांवर असेल,
आणि तंगूस धक्क्याच्या शिंपल्यांवर घासली.
एवढंच.
मी टोकाशी चाचपून पाहिलं, काचेसारखं कातरलेलं.
चूक माझी. दर चार फेकींनी ओठांवरून फिरवायला हवी होती.

आग्नेलचा नातू जेडन शेजारी बसला होता.
आजोबांचा रॉड, आजोबांची टोपी, कानापर्यंत उतरलेली.
त्याच्याकडचे सगळे जिग संपले होते.
मी डबी पुढे केली.
त्यानं नेमका तोच उचलला,
जो ओतताना स्टोव्ह मंद झाला होता
आणि एक खिळा अर्धाच वितळून डोक्यावर राहिला.

हे काय लिवलंय, मावशी?
अक्षर आहे. उलटं.
कुठलं?
सांगितलं.
बोलायचं कसं?
मलाही नीट येत नाही रे. कधी लागलंच नाही.

तो हसला, तंगूस कानातून ओवली,
पाच वेढे दिले
आणि कोरडीच आवळायला निघाला.

थांब, म्हटलं. थुंकी लाव आधी.