अर्थ

ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो,
हॉर्न दिला की हेडलाइट मान टाकतात,
आणि सकाळी किल्ली फिरवली
की नुसतं टक्. पुन्हा टक्.

उकंडा मिस्त्रीनं बोनेट उघडलं,
पण हात नाही लावला.
"सेल नको मारू. पयले मले आयकू दे."
दारव्हा फाट्यावर दुपारचे बारा,
निंबाखाली फियाट, आणि तिच्यात
कान घालून उभा हा माणूस.

बॅटरी? ती तर मागच्या पोळ्याला नवी टाकली.
स्टार्टर? डायनॅमो?
टेस्टलॅम्प लावत त्यानं
एकेकाला निर्दोष सोडलं.
फ्यूजच्या डबीत वडलांनी गुंडाळलेली
सिगरेटच्या पाकिटातली चांदी निघाली.
काही न बोलता माझ्या हातावर ठेवली.

वडील सिगरेट ओढत नव्हते.

मग तो खाली वाकला. बॅटरीची काळी पट्टी
चेसिसला आवळली होती तिथं
गंज, चिखल, वाळकं ग्रीस.
मागच्या दिव्याखाली तीच गत.
"करंट जाते, पन वापस याले रस्ता नाई.
मंग तो दुसऱ्याच्या घरातून जाते.
म्हनून तुहा ब्रेक इंडिकेटरातून बोलते.
अर्थ लागत नाई हिले, बस."

पॉलिश पेपर, दहा-अकराचा पाना,
बोटभर व्हॅसलीन. साठ रुपये.

पहिल्याच सेलला उठली.
डावा दिवा
डावीकडे वळतानाच लागला.

चांदी खिशात ठेवली.
आईला दाखवायची की नाही
हे नेर येईपर्यंत ठरलं नाही.