दहाचा पाना

मे महिन्यातला पहिला रविवार. तळ्याच्या काठाला
बर्फ अजून काचेसारखा कडकडतोय,
आणि हेइनोलाच्या पेट्रोल पंपामागे
आमच्या अठरा गाड्या. सतरा निळ्या,
एक करडी, तो आर्माचा हट्ट.

सहा महिने ठोकळ्यांवर होत्या,
अंगावर जुनी पांघरुणं, बॅटरीला
सलाईनसारखी लावलेली बारीक वायर.
हिवाळ्यात आम्ही दुसऱ्याच गाड्या चालवतो,
मुलांना शाळेत सोडणाऱ्या, बिनतक्रार.
आज मात्र प्रत्येकाच्या नखांत ग्रीस,
पास्कीच्याही, जो दंतवैद्य आहे.

इथे कुणी "कशी आहेस" विचारत नाही.
"तेल पितेय का अजून?" असं विचारतात,
आणि उत्तरावरून कळतं, घरी कसं चाललंय.
उर्पोनं घटस्फोटाची बातमी
टर्बोच्या किमतीसोबत एका दमात सांगितली होती.
नाकापेक्षा मोती जड, अशा माना हलवल्या आम्ही.
टर्बोसाठीच.

रायमो या वेळी नाही.
फेब्रुवारीत गेला, दारातला बर्फ उपसताना.
त्याची गाडी साइमी घेऊन आली.
पन्नास किलोमीटर चौथ्या गिअरमध्ये,
इंजिन बिचारं रस्ताभर ओरडत.
कुणी हसलं नाही. पास्कीनं बॉनेट उघडलं
आणि शेकोटीवर धरावेत तसे हात धरले.

मग साइमीनं ड्रायव्हरच्या सीटखालून
बिस्किटांचा डबा काढला.
"हे तुमचं असावं."

आत दहाचे पाने.
जगातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये जा,
आठचा सापडेल, बाराचा सापडेल,
तेराचा तर पायातच येईल.
दहाचा सापडत नाही.
इथे चौदा होते, आणि प्रत्येकाला
कागदाची चिठ्ठी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
'उर्पो, बॅटरीची क्लॅम्प.'
'आर्मा, भर पावसात.'
'पास्की. अजून मागितला नाही. बघू.'

इतके हसलो की पंपावरची पोरगी
कॉफीचं भांडं घेऊनच बाहेर आली.

मी हसत होते आणि शोधत नव्हते.
माझ्या पान्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.
सहा वर्षं, प्रत्येक फेरीत, सगळ्यांदेखत
मी म्हणत आले, "रायमो, माझा दहाचा!"
तो खांदे उडवायचा.
एका नाताळला त्यानं नवा आणून दिला,
कागदात न गुंडाळता, खिशातून, ऊबदार.
मी म्हणाले, "बघा, चोरानं कबुली दिली."
तेव्हाही तो काही बोलला नाही.

डब्यात लाल ठिपका नव्हता.
नसणारच होता. मार्चमध्ये तेल बदलताना
माझ्याच इंजिनखालच्या पत्र्यातून
तो टण्णकन फरशीवर पडला.
महिनाभर उशिरा.
तेव्हापासून जाकिटाच्या खिशात आहे.

"तुझा कुठला?" साइमीनं विचारलं.
"माझा मिळाला मला."
"बरं झालं," ती म्हणाली. "त्याला वाटायचं,
तुझा खरंच त्याच्याच हातून हरवला.
दोनदा सगळ्या सीटा उचकटल्या त्यानं."

गाड्या सुरू झाल्या. एकामागून एक
तो ओळखीचा, छातीत बुक्क्या मारणारा आवाज.
माझी चावी मी आर्माच्या पोराला दिली,
जो ती गेली दोन वर्षं मागतोय,
आणि साइमीच्या शेजारी जाऊन बसले.
सीट अजून रायमोच्या उंचीची होती,
तिचे पाय पेडलला जेमतेम पोचत होते.
पुढे ओढ म्हटलं तर नको म्हणाली.

बर्चच्या रांगा, मग सरळ रस्ता.
"क्लच दाब. वर, उजवीकडे, पुन्हा वर. घाबरू नकोस."
पाचवा पडला.
इतका वेळ ओरडणारी गाडी
एकदम हळू बोलायला लागली.

"आता काय करायचं?" साइमीनं विचारलं.
"आता काही नाही. अशीच ठेव."

खिशातला तुकडा मांडीला टोचत होता.
मी तो हलवला नाही.