असतो म्हणत्यात

शिरोलीत गेटासमोरच गाडी पंक्चर झाली.
ड्रायव्हर स्टेपनीशी झटत होता,
मी गाड्यावर कट चहा घेतला.
शेजारी एक पोरगं, हातात निळी फाईल,
आयटीआयचा टर्नर, कोडोलीकडचा.
म्हणालं, “काका, सीबीसीत वळख हाय का कुणाची?”

कुठली सीबीसी, विचारलं.
त्यानं हनुवटीनं माझीच शेड दाखवली.

चंद्राबाई कास्टिंग. आईचं नाव.
त्याची तीन अक्षरं कधी झाली
मला कुणी सांगितलं नव्हतं.
घरातनं निघताना मी अजून
‘शेडवर जाऊन येतो’ म्हणतो.

शेड म्हणजे उद्यमनगरातला पत्रा,
उन्हाळ्यात डोक्यावर तवा.
एक सेकंडहँड लेथ,
आणि दस्तगीर मुजावर,
जो दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला तरी
आवाजावरून सांगायचा, टूल मेलं, थांबवा.
पहिल्या ओतकामात अकरा नग भंगारात गेले,
माती ओली राहिली होती.
दोघं रात्रभर त्या भोकं पडलेल्या लोखंडाकडं बघत बसलो,
जसं काही बघून ते भरणार होतं.
पगार शनिवारी, हातात.
कमी पडला तर दस्तगीर नोटा मोजायचाच नाही,
तशाच खिशात कोंबून म्हणायचा,
“बरोबर हायत आण्णा.”

मग सीएनं प्रायव्हेट लिमिटेडचे कागद पुढं केले,
जिथं जिथं फुली तिथं सही केली.
दुसरी भट्टी आली. तिसरी शेड.
बँकेचा मॅनेजर स्वतः घरी पेढे घेऊन आला,
आधी आम्हीच न्यायचो.
एक जर्मन येऊन तांबडा रस्सा प्यायला,
घामानं शर्ट भिजला, ऑर्डर देऊन गेला.
त्या दिवशीसुद्धा मला वाटलं,
धंदा बरा चाललाय.
एवढंच.

“मालक कसा हाय रं?” मी पोराला विचारलं.
त्यानं बिस्कीट चहात बुडवलं.
“मालक कुणी बघितलाय? असतो म्हणत्यात.”
बिस्कीट तुटून आत पडलं,
तो ते बोटानं काढत बसला.

असतो म्हणत्यात.
देवाबद्दल बोलावं तसं,
नाहीतर पंचगंगेतल्या मगरीबद्दल.

“बघतो बोलून,” म्हटलं आणि आत गेलो.
कार्ड घरी राहिलेलं, दार उघडेना.
वॉचमननं ओळखलं, पळत आला, सलाम ठोकला.
मला त्याचं नाव येईना.
छातीवर पट्टी होती, पण
चष्मा गाडीत.

एचआरच्या मुलीला म्हटलं,
बाहेर एक टर्नर उभाय, बघ जरा.
ती लगेच कीबोर्डकडं वळली, “नाव सांगा सर.”

नाव.
पूर्वी मी माणसाला नाव, गाव, आजोळ विचारल्याशिवाय
त्याच्या हातात फाईल सोडाच, पाना देत नव्हतो.
खिडकीतनं बघितलं:
गाड्यावर आता पाच पोरं होती.
पाच निळ्या फायली.
कुणीतरी स्टेशनरीवाला गेटाजवळच
त्या विकायला बसत असणार,
त्याचाही धंदा माझ्यावर चाललाय
आणि मी त्याला ओळखत नाही.

रात्री वडणग्याला फोन लावला.
दस्तगीरला हल्ली कमी ऐकू येतं,
चाळीस वर्षं लेथ ऐकला त्यानं.
मी ओरडून सांगितलं,
“दस्तगीर, आपली कंपनी झाली रं!”
“काय? कमी झाली?”
“कंपनी! कंपनी!”
पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
“कमी तर कमी.
बरोबर हायत आण्णा.”