वॉरंटी

परळहून निघालो. नवा स्कॅन पिशवीत,
यकृतावरचे ठिपके वाढलेत.
वृंदा म्हणाली, आधी मिक्सर घेऊ,
जुना जळलाय, आणि माझं तोंड आलेलं,
खिचडीसुद्धा वाटून लागते.

लालबागचा दुकानदार विचारतो,
वॉरंटी दोन वर्षांची, की
साडेतीनशे जास्त देऊन पाच?

मी खिशातली चिल्लर चाचपत राहिलो.
केतकी पंख्यांचे भाव वाचू लागली.

‘पाच,’ वृंदा म्हणाली.
‘आणि शिक्का नीट उमटू दे हं,
मागच्या वेळी पुसट होता.’

आता फाइलीत, रिपोर्टांच्या मागे
ते पिवळं कार्ड आहे.

रात्री मिक्सर घरघरला,
शेजारच्या तावडेकाकूंनी भिंत ठोकली.
आम्ही तिघंही हसलो,
वृंदा जरा जपून,
ओठ फाटतात म्हणून.