दाब

शर्टाच्या शिलाईत अर्धा इंच दाब ठेवायचा,
पँटच्या मागच्या शिवणीत दीड.
उस्ताद दस्तगीरांनी शिकवलं तेव्हा वाटलं होतं,
कापडाची नासाडी.
ते म्हणाले, माणूस वाढतो रे भरमा,
डॉक्टरच्या आधी टेलरला कळतं.

वडगावात गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
पाटीवर वर कानडी मोठी, खाली मराठी बारीक,
दोन्हींचं माप मीच घेतलंय.

परवा सर्व्हेवाली पोरगी आली, नीलव्वा.
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत बी.पी.चं मशीन.
देशभर मोजतायत म्हणे, थोराड माणसांत
किती जणांचं काय काय चढलंय.
तिची टेप शहापुरात तुटली होती,
माझी मागून घेतली.

पाच गोष्टी, तिनं बोटांवर मोजून सांगितल्या:
कंबर, रक्तातला दाब, उपाशीपोटीची साखर,
वाढलेली चरबी,
आणि एक चांगली चरबीही असते, ती कमी झालेली.
पाचांतल्या तीन जमल्या की मिळून एक नाव पडतं.
नाव लांब होतं.
यल्लूबाईनं दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही.
दुखतंय काय त्यात?
दुखत नाही, आजी.
मग नाव कशाला ठेवलंय?

ओट्यावर रांग लागली.
परशराम सांबरेकरानं पोट आत ओढून धरलं.
'उसिरु बिडरी,' नीलव्वा म्हणाली,
'श्वास सोडा की हो, अण्णा.'
सोडला.
टेप चार बोटं सरकली.
मीही इतकी वर्षं त्याचा धरलेल्या श्वासाचाच आकडा लिहिला,
आणि कापताना मनानं दोन वाढवले.

टेपची माझी बाजू इंचांची, तिची सेंटीमीटरची.
पुरुषाला नव्वद, बाईला ऐंशी,
त्यापुढं गेलं की पलीकडचं.
कुठलं गाव रेषेच्या कुठल्या अंगाला, यावरून
ह्याच ओट्यावर किती चहा गार झाले,
एक सोयरीक तर माझ्यादेखत मोडली.
ही रेषा एकेकाच्या बेंबीवरून गेली,
कुणी हरकत घेतली नाही.

दिवेलागणीला तिनं फॉर्म मोजले.
एकोणतीस माणसं.
'एष्टु?' मी विचारलं.
'हन्नोंदु,' म्हणाली. अकरा.
मग आमची तोंडं बघून म्हणाली,
तुमच्याच गल्लीत नाही हो, सगळीकडं असंच आहे.
ऐकून आम्हाला बरं वाटलं.
का बरं वाटलं, हे घरी जाईस्तोवर
कुणी कुणाला विचारलं नाही.

रात्री जुन्या वह्या काढल्या.
मोनाप्पा मुतगेकर, मागावर बसायचा: अठ्ठावीस.
माग विकला त्या दिवाळीला: एकतीस.
रात्रपाळीचा वॉचमन झाला: चौतीस.
पुढं दरसाल दाब उसवायला यायचा.
मी म्हणायचो, कापड आटलंय.
तो म्हणायचा, होय की, हल्लीचं कापडच तसलं.
दोघं मिळून कापडाला बोल लावायचो,
आणि वर कुंद्याचा पुडा सोडायचो.
अडतीस.
पुढचा रकाना कोरा.

आज सकाळी त्याची बायको पँट घेऊन आली,
दोनदाच घातलेली,
पोराच्या मापाची लहान करून द्या म्हणाली.
पोरगा मागं उभा. बत्तीस वर्षांचा,
उद्यमबागेत कॉम्प्युटरसमोर बसतो,
जेवणही तिथंच, खुर्चीत.
मी खडू घेतला, कात्री घेतली.
मग म्हटलं, आधी घालून तर बघ.

पडद्यामागनं बाहेर आला.
बसली होती.
आई बघतच राहिली, म्हणाली, तंतोतंत की.
पण मी हुकाकडं बघत होतो,
आणि हुकाच्या वर, त्याच्या न हलणाऱ्या छातीकडं.

'उसिरु बिडरी,' म्हणालो,
कानडीतच का आलं तोंडात, कुणास ठाऊक.

मागच्या शिवणीत चाचपलं.
दाब सगळा बापानंच वापरून टाकला होता.